बाळाला ग्रंथालय दाखवा, फास्ट लोकलने

बाळ दोन वर्षांचं झालं ना? मग उशीरच झालाय, तेव्हा या शनिवारीच त्याला ग्रंथालयात न्या. गल्लीतल्या वाचनालयात मात्र नको. तिथे चित्रांची पुस्तकं असतात, बाळ रमायचा धोका असतो. न्यायचं तर थेट फोर्टात, एशियाटिक सोसायटीत. संस्था १८०४ची, टाउन हॉलची इमारत १८३३ची, संग्रही दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित. ज्याला अजून 'र' म्हणता येत नाही, त्याला आणखी काय हवं?

डोंबिवलीहून सकाळी आठ-सव्वाआठची फास्ट पकडावी. दुपारी गाड्या रिकाम्या असतात, त्यात संस्कार होत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. सीट तिकीटवाल्यांनाही मिळत नाही, ते सोडा. पण बाळाला विंडो मिळते. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेली बाई त्याला उचलून पुढे देते, पुढची आणखी पुढे, आणि ठाणं यायच्या आत ते खिडकीत बसून कोणाच्या तरी डब्यातला पराठा खात असतं. तुम्ही बाबागाडीसकट दारात. तिथूनच ओरडून त्याला इतिहास सांगा: '१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ३४ किलोमीटर! ती यावी म्हणून नाना शंकरशेटांनी खटपट केली, आणि त्यांचाच पुतळा आपण बघायला चाललोय!' डबा ऐकेल. बाळ ऐकणार नाही.

ते दुसरंच काही ऐकत असतं. 'पुढील स्टेशन, दादर. अगला स्टेशन, दादर. नेक्स्ट स्टेशन, दादर.' पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर २०२५मध्ये राज्यात केवढं रान पेटलं! इकडे घाटकोपर ते भायखळा एवढ्या वेळात एका दुपट्यातल्या विद्यार्थ्याचं त्रिभाषा सूत्र पूर्ण झालं, तेही जीआर न काढता. पण याला शिक्षण म्हणू नका. शिक्षण फोर्टात आहे.

टाउन हॉलला ३० पायऱ्या आहेत. तुम्हाला. बाळ त्या चढतं, वर पोचतं, खांबांकडे ढुंकूनही न पाहता वळतं आणि उतरायला लागतं. अशा दोन फेऱ्या झाल्या की १२० म्हणजे काय ते तुमच्या गुडघ्यांना कळतं. मध्येच कबुतर दिसलं तर हिशेब सोडून द्या. फोटो तेवढा पहिल्याच फेरीत काढून घ्या, बाळाचे दोन्ही बूट पायात असेपर्यंत. स्टेटसला 'वाचाल तर वाचाल' टाका. ते कालच लिहून ठेवलेलं असेलच.

मग आत जा. नानांच्या संगमरवरी पुतळ्याला नमस्कार करायला लावा, बाळ 'टाटा' करेल, तेही चालतं. वाचनकक्षात पंखे फिरत असतात, पानं उलटल्याचा आवाज येतो, पेपरवर मान टाकून एखादे आजोबा पेंगत असतात. या शांततेचा संस्कार होऊ द्या म्हणून बाळाला खाली ठेवा. ते छातीत श्वास भरून घेईल आणि खणखणीत आवाजात म्हणेल, 'पुदील थेशन, दादल!'

आजोबा दचकून उठतील, पिशवी काखेत मारतील आणि दाराकडे सरकायला लागतील.