फरशी लख्ख, आणि बटणं?

आमच्या घरात फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. सकाळी मावशी पुसतात, आणि दुपारी कुठे थेंबभर आमटी सांडली तरी सासूबाई फडकं घेऊन पुन्हा सगळं स्वयंपाकघर पुसून काढतात. आता फरशीला लागतं काय? पाय. तेही चपला दाराबाहेर काढून आलेले. आणि बाथरूमच्या लाइटचं बटण, ज्याला घरातली चारही माणसं ओल्या, साबणाच्या, कणकेच्या आणि आणखी कशाकशाच्या हातांनी दिवसातून पन्नासदा दाबतात, ते? त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आंघोळ केल्याशिवाय देवघराला हात लावायचा नाही, एवढं सोवळं या घरात आहे. फ्लशचं बटण दाबलेल्या बोटाने नळ सोडायचा, हात धुवायचे आणि धुतलेल्या हाताने तोच नळ बंद करायचा, हे मात्र चालतं! नळ कधी धुतला कुणी?

रविवारी माझा संयम संपला. मेन स्विच बंद केला, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं, फटींसाठी जुना टूथब्रश घेतला. लगेच तीन खोल्यांतून तीन आवाज. "लाइट गेली का गं?" वायफाय बंद पडलं म्हणून आमचे चिरंजीव त्या दिवशी पहिल्यांदा खोलीबाहेर आले. काय करतेयस, मदत करू का, असं एकानेही विचारलं नाही. "किती वेळ लागेल?" एवढंच.

किचनमधला मिक्सरचा बोर्ड मी आजवर क्रीम रंगाचा समजत होते. तो पांढरा निघाला हो! फोडणीचं तेल, हळद, पीठ, सगळ्याचा मिळून मेणचट थर बसला होता, नखाने खरवडला तर वळी निघत होती. रिमोटची तर वेगळीच तऱ्हा. तो खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय, आणि पिशवी इतकी कळकट की आवाजाचं बटण कुठलं ते अंदाजाने दाबायचं. म्हणजे आत रिमोट नवा कोरा, आणि हाताला लागते ती घाण!

नवऱ्याला सांगायला गेले तर त्याचं उत्तर तयार. "अगं, वस्तूंवरून काही पसरत नाही, हे कोरोनातच सिद्ध झालं." वा! 2020 मध्ये दुधाच्या पिशव्या साबणाने धुणारा आणि लिफ्टचं बटण टूथपिकने दाबणारा हाच. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून होण्याचा धोका कमी, हे नंतर कळलं, मान्य. पण ते कोरोनाचं! उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरससारखे विषाणू हाताहातांतून, वस्तूंवरून थेट तोंडात जातात. नोरोव्हायरस तर सॅनिटायझरलाही फारसा जुमानत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात. मागे लेकाचं पोट बिघडलं आणि आठवड्याभरात ओळीने आम्ही सगळे आडवे झालो, तेव्हा "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणून मोकळे झाले. सासूबाई कुठे गेल्या होत्या हो बाहेरचं खायला?

आणि कधी चुकून साहेबांनी मनावर घेतलंच, तर बघवत नाही. स्प्रे थेट चालू बोर्डवर! शॉक लागेल, हे मी सांगायचं. मग मारला स्प्रे की दुसऱ्या सेकंदाला पुसून मोकळे. अरे, जंतुनाशक काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं, बाटलीवरच लिहिलेलं असतं. एकदा तर ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकाच बादलीत ओतायला निघाला होता. त्यातून क्लोरीन वायू निघतो! हात धरला म्हणून वाचलो.

बरं, मी काही रोज सगळं घर जंतुनाशकाने न्हाऊ घाला म्हणत नाहीये. एरवी साबणाचं पाणी पुरतं, कुणी आजारी असेल तेव्हाच ब्लीच. बटणं, कड्या, नळ, फ्रीजचं हँडल, रिमोट, गॅसच्या खुंट्या. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ओट्याच्या त्याच आंबूस फडक्याने नको, एवढंच.

तर रविवारी सगळं चकाचक करून मी हाश्शहुश्श करत बसले. जेवायला आमरस होता. पाचव्या मिनिटाला फ्रीजच्या हँडलवर चार पिवळीधमक बोटं, अंगठा रबरावर. कुणाची, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतायत. हात पुसायचा नॅपकिन त्याच हँडलला लटकत होता हो, त्याच हँडलला! संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फरशी नीट पुसली नाही वाटतं मावशींनी."

हे लिहितेय तोवर आत फ्रीज उघडल्याचा आवाज आला. वाटीभर आमरस उरलाय अजून.