कोराडीच्या चिमणीपुढे चार पॅनल

आमच्या नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड चार वेळा येऊन गेलं. तिसऱ्यांदा ते तळमजल्यावरच्या काकांनी टाकलं आणि खाली लिहिलं, "भाऊ, हे वाचा, मग वर्गणी मागा. काहून लोकायच्या मागे लागून राहिले?" वर्गणी मागणारा मीच. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांच्या सामाईक मीटरसाठी गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर बसवायचं, असा प्रस्ताव आहे. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

फॉरवर्डचा ऐवज थोडक्यात असा: गच्चीवर पॅनल, पौर्णिमेला दिवे बंद, घरी खत, ही सगळी नौटंकी आहे. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची एक चिमणी तुमच्या वर्षभराच्या पुण्यावर तासाभरात पाणी फिरवते. पॅनल तयार करायला जेवढी वीज जाते तेवढी ते जन्मात परत देत नाही. त्यात नागपूरच्या उन्हात ते तापून बंद पडतं. हे बंगलेवाल्यांचे लाड आहेत, गरिबाला कोळसाच तारतो.

क्रमानं घेत नाही. सोपं आधी उरकतो.

पॅनल बनवायला वीज लागते हे खरंच. वाळूतून शुद्ध सिलिकॉन काढायचं, त्याच्या चकत्या कापायच्या, वर काच, भोवती ॲल्युमिनियमची चौकट. आणि बहुतेक माल चीनमधून येत असल्यानं ती वीजही बरीचशी कोळशाचीच. पण आपल्याकडच्या उन्हात ही उधारी साधारण एक ते दोन वर्षांत फिटते. पॅनल चालतं पंचवीस वर्षं. मुद्दा संपला.

उन्हाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त पसरतं. आपल्या गावाला आपल्या उन्हाचा अभिमानही भारी. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्यानं यंत्र बिघडलं होतं असं सांगितलं, तरी तो आकडा अजून पानठेल्यावर चालतो. पॅनलची क्षमता त्याचं स्वतःचं तापमान २५ अंश धरून मोजतात. बाहेर ४५ असेल तर काचेखाली ६५ सहज होतं, आणि दर अंशाला उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्यांनी उतरतं. ४० अंशांचे झाले १४ टक्के. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी शंभरातले शहाऐंशी मिळतात. याला बंद पडणं म्हणत नाहीत. ऊन इतकं आणि दिवस इतका मोठा असतो की ही घट पोटात घालूनही उन्हाळ्यात वीज भरपूर निघते. खरी मंदी जुलै-ऑगस्टमध्ये, आभाळ भरून आल्यावर. पॅनलवर धूळ साचू दिली तर नुकसान होईलच, पण त्याला झाडू आणि बादली पुरते.

घरच्या खताबद्दल फॉरवर्डमध्ये 'नौटंकी' या शब्दापलीकडे काही नाही, म्हणून एवढंच म्हणतो: ओला कचरा गच्चीवरच्या पिंपात जिरला तर तो डिझेलच्या गाडीत बसून भांडेवाडीच्या कचरा डेपोला जात नाही.

आता कोराडी. इथं फॉरवर्डवाल्यानं अंदाज चुकवलाय, पण त्याच्या बाजूनं नव्हे. त्यानं कमीच सांगितलं. गणित करून पाहिलं. एक किलोवॅटचं सोलर वर्षाला साधारण १४०० युनिट देतं. आमचे ५ किलोवॅट देणार ७००० युनिट. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यातला एक पूर्ण भारानं चालला तर तासाला ६ लाख ६० हजार युनिट काढतो. म्हणजे आमच्या वर्षभराच्या युनिटांना त्याला चाळीस सेकंदही लागत नाहीत. तासाभराचं काय घेऊन बसलात!

नागपुरातल्या सगळ्या गच्च्या पॅनलनं झाकल्या तरी कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही कोळशाची वीजकेंद्रं बंद होणार नाहीत. जो कुणी तसं सांगत वर्गणी मागतो तो थापा मारतो. पण यातून 'म्हणून काही करू नका' हा निष्कर्ष निघतो कुठून? तोतलाडोह धरणात किती पाणी आहे ते पाहून कुणी घरच्या टपकत्या नळाचं वॉशर बदलायचं सोडत नाही. नळाचं बिल आपल्याला येतं.

चाळीस सेकंदांना दुसरं मापही आहे. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के. आमच्या ७००० युनिटांमागे साडेचार टनांच्या आसपास कोळसा आणि दीड टन राख. ही वीज राज्यभर जाते, राख मात्र जिल्ह्यात राहते. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडीजवळच्या खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि ती राख शेतात, नाल्यांत शिरली. गरिबाला कोळसा तारतो की नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं खसाळ्याला जाऊन विचारावं.

पॅनलच्या भक्तांनाही एक सांगायचं आहे, कारण काकांनी तोंडी विचारलेला प्रश्न फॉरवर्डपेक्षा चांगला होता: "रात्री अकराला काय करसान?" रात्री पॅनल शून्य. नेट मीटरिंग म्हणजे हिशेबाची वही. दिवसा दिलेली वीज रात्री वजा करून मिळते, साठवलेली नसते. मेच्या रात्री आपण लावतो ते एसी बव्हंशी कोळशावरच चालतात. तिथं पॅनल कामाचं नाही, मागणी कमी करणं कामाचं.

आणि इथं नागपूरचा हात धरणारं कोण आहे? आपला कूलर. वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुश्श्याच्या ताट्या, एक पंखा, एक छोटी मोटर. सुमारे २०० वॅट. दीड टनाचा एसी त्याच्या सहा-सात पट खातो. मुंबईत कूलर लावला तर खोलीचं न्हाणीघर होईल. इथल्या कोरड्या हवेत तो काम करतो. पाणी पितो हे खरं, आणि पहिला पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो हेही खरं. तरी एप्रिल-मेचे दोन महिने ज्या घरात कूलरवर निघतात त्या घरानं पुष्कळ केलं, मग ते पर्यावरणाचं नाव घेवो न घेवो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर वरच्या मजल्यावरचा स्लॅब कमी तापतो. (एकाला चुना लावल्यानं दुसऱ्याचं भलं व्हायची ही एकमेव जागा.)

पंख्यांचा हिशेब तर मला स्वतःला नवा होता. आमच्याकडे सोळा घरं, घरी चार पंखे धरले तर चौसष्ट. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३०च्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास फिरला तर पंख्यामागे ०.६७ युनिट, सगळ्यांचे मिळून त्रेचाळीस. आमचं नियोजित सोलर दिवसाला सरासरी वीसच देणार. म्हणजे पंखे बदलले तर पॅनलच्या दुप्पट, आणि त्यातला मोठा भाग रात्री. हे आधी का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पॅनलचा फोटो काढता येतो, पंख्याचा कोण काढतो?

राहिले बंगलेवाले. इथं मी काकांशी निम्मा सहमत आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण त्याला स्वतःचं छत लागतं. भाडेकरूला ते नाही. टिनाखाली राहणाऱ्याला नाही. ज्याचं बिलच शंभर युनिटांच्या आत, त्याला फायदाही फारसा नाही. फ्लॅट स्कीमच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार आहेत, पण आमची गच्ची नेमकी कुणाच्या मालकीची यावर दोन बैठका झाल्या आणि चहा संपला.

पण विचार म्हणून हे 'लाड' आहेत, हे विदर्भात बसून कुणी म्हणू नये. १९३४ साली गांधीजींच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यात झाली, कारभार गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. संघाच्या तिथल्या मगनवाडीत सुधारित तेलघाणी आणि मगन चूल झाली, आणि विकतच्या रॉकेलऐवजी गावातल्या तेलावर जळणारा मगन दीपही. ही मंडळी डोळ्यांपुढे ठेवत होती ती खेड्यातली झोपडी. गोबरगॅस घ्या: २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, चार-पाच जनावरांचं, आणि त्यातून पंधरा-सोळा दिवसांत एका सिलिंडरइतका गॅस होतो. दावणीला जनावरं असलेल्या घराचा हा हिशेब आहे. धरमपेठेतल्या बंगल्यात शेण मिळणार नाही.

शेवटचा मुद्दा पौर्णिमेचा. महापौर असताना अनिल सोले यांनी काढलेली ही कल्पना महापालिका आणि ग्रीन व्हिजिल संस्थेनं चालवली: पौर्णिमेच्या रात्री ८ ते ९ अनावश्यक दिवे बंद. स्वयंसेवक बाजारात उभे राहतात, दुकानदारांना विनवतात. तासाभरानं किती युनिट वाचतात यावर मी भांडणार नाही, फार नाहीतच. पण बोर्डावरचे दिवे घालवताना दुकानदार विचारतो, "याला किती युनिट लागतात हो?" मला यातलं एवढंच हवं आहे. २९ मे २०२३ ला कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. तिथं आकड्यांना आकड्यांनी विचारावं लागतं: मागणी कोणत्या तासाला, राख कुठं, पाणी कुठून. स्वतःचं मीटर ज्यानं कधी वाचलं नाही तो अशा ठिकाणी फक्त घोषणा देऊ शकतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर रात्री साडेदहाला आलं: "पॅनलचं नंतर पाहू. पंखा कितीले येते?"