‘शाळेत नको ते शिकवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. लैंगिक शोषण टाळण्यासाठी शाळेत घेतले जाणारे तास बंद करा, अशी त्याची मागणी. कारणं पाच: मुलांची निरागसता जाते, अनोळखी माणसांपासून जपायला सांगितलं की पुरे, मुलं खोट्या तक्रारी करायला शिकतात, हे काम आईवडिलांचं आहे, आणि एवढं करून शोषण थांबतच नाही. शेवटच्या कारणात तथ्य आहे, त्यामुळे त्याला जास्त जागा देते.

निरागसतेचं आधी. लहान मुलांच्या तासाला काय चालतं? शरीराच्या अवयवांची खरी नावं, स्पर्श नकोसा वाटला तर कुणाकडे जायचं, आणि गुपित नि सरप्राइज यांतला फरक. सरप्राइज चार दिवसांनी सगळ्यांना कळणारच असतं. ‘हे कुणाला कधीच सांगायचं नाही’ असं एखादा मोठा माणूस म्हणाला, तर ते मुद्दाम सांगायचं. यात निरागसतेला धक्का लागण्यासारखं काय आहे? २०१५ मध्ये कोक्रेन या, आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्या तपासल्या. त्यांत ५,८०२ मुलं होती. मुलांची भीती किंवा चिंता त्यामुळे वाढल्याचं आढळलं नाही. वयात येणाऱ्या मुलांच्या लैंगिकता शिक्षणाने शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत, हेही युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा सल्ला वाईट नाही, फक्त चुकीच्या दाराला कुलूप लावणारा आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत, पोलिसांपर्यंत पोचलेल्या अल्पवयीनांवरील लैंगिक अत्याचारांत अनोळखी गुन्हेगार होते जेमतेम ७ टक्के. बाकीचे घरातले किंवा ओळखीचे. किशोरवयीन मुलांच्या शोषणात तर ओळख हेच हत्यार असतं. सुरुवात कौतुकाने होते: ‘तू वयाच्या मानाने फार समजूतदार आहेस.’ मग घरच्यांविषयी सहानुभूती: ‘तुला घरात कुणी समजूनच घेत नाही.’ एखादी भेटवस्तू, मोबाइलचा रिचार्ज. मग ‘हे आपल्या दोघांत ठेव’. मग एक फोटो. आणि फोटो गेल्यावर आवाज बदलतो: सांगतो तसं कर, नाहीतर हा सगळ्यांना पाठवीन. तोवर समोरचा त्या मुलीचा किंवा मुलाचा (हो, मुलांचाही, मेसेज फक्त मुलींबद्दल बोलतो) ‘जवळचा’ झालेला असतो. चांगल्या तासाला ही साखळी कडी-कडीने उलगडून दाखवतात. साखळदंडात जखडलेल्या मुलीचं पोस्टर लावून काही साधत नाही. जिला आपण प्रेमात आहोत असं वाटतंय, ती त्या पोस्टरमध्ये स्वतःला कशी ओळखणार?

खोट्या तक्रारी. कोक्रेनच्याच आढाव्यात, जिथे हे मोजलं गेलं तिथे, कार्यक्रम न झालेल्या हजार मुलांमागे सुमारे ४ जणांनी आपल्यावरचा अत्याचार सांगितला, तर कार्यक्रम झालेल्या हजारांमागे सुमारे १४ जणांनी. आढाव्याच्या लेखकांनीच हा निष्कर्ष जपून वाचायला सांगितलंय, तेव्हा मीही त्यावर फार उड्या मारत नाही. पण ही वाढ पाहून ‘बघा, मुलं बनाव करतात’ असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की मुलांचा कल मुळात लपवण्याकडे असतो. अर्धं वाक्य बोलून चेहरा बघतात, समोरचा दचकला की ‘काही नाही, गंमत केली’ म्हणून शब्द मागे घेतात. एखाद्या निर्दोष शिक्षकावर आळ येण्याची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय नीट चौकशी हा आहे. मुलांना मुकं ठेवणं हा नव्हे.

‘पालकांचं काम’ यावर लांबण लावत नाही. पालकांनी जरूर बोलावं, शाळेने त्यांना आधी तासाचा मजकूर दाखवावा. पण त्रास देणारा घरातलाच असेल, तर त्या मुलाने जायचं कुठे?

आता शेवटचं: शोषण थांबतं का? कार्यक्रमांनी मुलांचं ज्ञान वाढतं, हे पक्कं आहे. अत्याचार कमी होतात का, याचे पुरावे तोकडे आणि आपसात न जुळणारे आहेत. १९९५ मध्ये संशोधक डेव्हिड फिंकेलहॉर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १० ते १६ वयाच्या दोन हजार मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. कार्यक्रम झालेल्या मुलांवर कमी अत्याचार झाले, असं त्यात दिसलं नाही. मात्र अत्याचार झाल्यावर ती मुलं तो जास्त सांगत होती. २००० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ८२५ महाविद्यालयीन तरुणींना विचारलं गेलं. लहानपणी असा कार्यक्रम झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के जणींवर त्यानंतर अत्याचार झाला होता, न झालेल्यांपैकी सुमारे १४ टक्के जणींवर. आशा वाटावी असा फरक, पण आठवणींवर आधारलेला.

मग मेसेजवाला जिंकला? नाही. दहा वर्षांच्या पोराने मोठ्या माणसाला रोखावं, ही अपेक्षाच चुकीची. तो भार मुलांवर टाकणारा कार्यक्रम असेल, तर त्यावर टीका व्हायलाच हवी. ‘नाही म्हणायला शिका’ एवढ्यावर थांबणारे तास मलाही पटत नाहीत. ज्याला त्या क्षणी ‘नाही’ म्हणता आलं नाही, तो पुढे स्वतःलाच दोष देत बसतो. तासाचं खरं काम आहे गोष्ट लवकर बाहेर येणं, आणि त्यासाठी ऐकणारा तयार असावा लागतो. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम या गावातल्या मुलांच्या शोषणाबद्दल अॅलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल २०१४ मध्ये आला. १९९७ ते २०१३ या काळात तिथे किमान १,४०० मुलांचं शोषण झालं, असा त्यातला अंदाज. त्यांतल्या अनेकांबद्दल यंत्रणांना ठाऊक होतं, पण पोलिसांनी पीडित मुलांकडेच तुच्छतेने पाहिलं.

म्हणून वर्षातून एकदा सभागृहात सगळ्यांना बसवून दिलेल्या भाषणाला मी कार्यक्रम म्हणणार नाही. मुलांना प्रसंग करून बघायला लावणारी, तीनहून जास्त सत्रांची आखणी अधिक परिणामकारक ठरते, असं अनेक अभ्यासांच्या २००० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं. शाळेला विचारायचंच असेल, तर हे विचारा: मुलाने सांगितलं तर ते ऐकायला कोण नेमलंय? त्या व्यक्तीला प्रशिक्षण मिळालंय का? मुलाला तीच हकिगत चार जणांपुढे सांगावी लागणार का? आणि आरोप मुख्याध्यापकांवरच असेल, तर तक्रार कुणाकडे जाणार?