मायक्रोवेव्हमधला घंटानाद

काल रविवारी सकाळी साडेअकराला एक सत्तरीचे गृहस्थ आमच्या स्वयंपाकघरात आले, खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, आमच्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि दार लावून घेतलं. पुढचं सांगून टाकल्याशिवाय मला आजचं जेवण पचणार नाही. कालचंही अजून पचायचंय.

आधीचं थोडक्यात. दिवाळीला सासूबाईंनी 28 लिटरचा नवा मायक्रोवेव्ह पाठवला. कुणाला न विचारता. ओट्यावर जागा एकाचीच, म्हणून 2016 साली घेतलेला 20 लिटरचा जुना विकायला काढला. पुसूनबिसून, शेजारी मनीप्लांटची बाटली ठेवून फोटो काढले. ‘उत्तम चालू स्थितीत, काचेच्या प्लेटसकट, 3000 रुपये’ अशी जाहिरात टाकली. ‘प्लेटसकट’ हा शब्द मी माझ्या हाताने टाईप केला होता, एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या तासात अकरा जणांनी विचारलं, ‘अव्हेलेबल आहे का?’ आहे म्हटलं की माणूस गायब. यांना नेमकं काय हवं असतं? कुणाकडे काय शिल्लक आहे, याची जनगणना चालली आहे का? बारावा म्हणाला, ‘लास्ट प्राईस?’ अरे, पहिली तरी धड ऐकून घे. एकाने 700 सांगितले आणि वर ‘कॅश देईन’ असं लिहिलं, जणू मी उरलेले 2300 चेकने मागणार होतो. निफाडच्या एका बागाईतदाराने बदल्यात द्राक्षं देऊ केली, एक्स्पोर्टचा माल. फक्त माल फेब्रुवारीत निघणार होता आणि मायक्रोवेव्ह त्यांना शनिवारी हवा होता.

मग एक देवमाणूस भेटला. ‘मी देवळाली कॅम्पला आर्मीत आहे, तीन हजार मंजूर, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल.’ घासाघीस नाही, आणखी फोटोची मागणी नाही. मी भारावून बायकोला सांगितलं, बघ, शिस्त म्हणजे काय ते. तेवढ्यात त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. आता पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही, हे आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. मी तसं कळवल्यावर त्याने मला एक शिवी दिली आणि ब्लॉक केलं. एवढ्या गिऱ्हाइकांत भाव न करणारा एकच निघाला, तोही भामटा. याचं मला खरंच वाईट वाटलं. तीन हजार मंजूर म्हणताना किती रुबाब होता त्याचा.

लहानपणी आमच्याकडे बोहारीण यायची. आई तिच्यापुढे वडिलांच्या जुन्या पँटांचा ढीग टाकायची. ती एकेक पँट उजेडात धरून ‘गुडघ्यात गेलीये, ताई’ म्हणायची, आई तिचं स्टीलचं पातेलं बोटाने वाजवून ‘पत्रा आहे नुसता’ म्हणायची. तास-दीड तास दोघी एकमेकींच्या मालाची यथेच्छ निंदा करायच्या आणि शेवटी एक पातेलं घरात राहायचं. अपमान दोन्ही बाजूंनी सारखा व्हायचा, त्यामुळे कुणाला लागायचा नाही. इथे माझा माल पसरलेला आणि समोरच्याचा फोटोसुद्धा गुलाबाच्या फुलाचा. निंदा करायची तरी कशाची?

असो. तर रविवारी आमच्या नाशिकच्या सिडकोतला एक मुलगा येतो म्हणाला. नम्र होता, ‘दादा’ म्हणत होता. ‘फक्त मामांना सोबत आणतो, त्यांना यातलं कळतं.’ इथेच मी सावध व्हायला हवं होतं. ज्याला ‘यातलं कळतं’ त्या माणसाने आजवर कुठलाही व्यवहार मार्गी लावल्याचं कुणी ऐकलंय?

मामा ओझरहून आले होते. आल्या आल्या द्वारकेच्या सिग्नलला किती वेळ गेला ते अशा सुरात सांगितलं, की ती वाहतूक मीच अडवून धरली होती. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी. ‘मिग जोडलेत आम्ही, साहेब. तुमचा हा डबा काय चीज आहे?’ मग पिशवीतून टेस्टर, टॉर्च आणि, खोटं वाटेल, व्हर्नियर कॅलिपर काढलं. माझा डबा (आता मीही डबाच म्हणायला लागलो) ओट्यावरून खाली घ्यायला लावला, पंचा मागून घेतला, तो फरशीवर अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले.

मागचं लेबल मोठ्याने वाचलं. ‘इनपुट बाराशे वॅट, आउटपुट सातशे. मधले पाचशे कुठं जातात?’

‘उष्णतेत जात असतील,’ मी म्हणालो.

‘डबा गरम करायचाच आहे, तर उष्णतेत कसे वाया जातील?’

मी भाच्याकडे पाहिलं. तो अभिमानाने मान हलवत होता.

दाराची फट चारही बाजूंनी व्हर्नियरने मोजून झाली. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पाव मिलिमीटर जास्त भरली. मामांनी ‘हं’ केलं. अशा ‘हं’नंतर डॉक्टर लोक नातेवाइकांना बाहेर बोलावतात. ट्रान्सफॉर्मरची तार तांब्याची की ॲल्युमिनियमची? मला काय माहीत. नऊ वर्षं मी यात दूध तापवलं, त्याच्या पोटात शिरलो नाही. मामांनी भाच्याकडे पाहून भुवया उडवल्या. ‘वापरणाऱ्यालाच माहीत नाही.’

आणि मग मोबाईल आत गेला.

‘लाव मला फोन,’ मामा भाच्याला म्हणाले. ‘डबा पॅक असेल तर वाजणार नाही. वाजला तर लीक. किरणं बाहेर येतात.’

भाच्याने फोन लावला. क्षणभर शांतता. आणि माझ्या मायक्रोवेव्हच्या आतून काळारामाच्या आरतीची आठवण यावी असा घंटानाद सुरू झाला. जाळीच्या काचेआड निळा उजेड, ‘भाचा सिडको’ अशी अक्षरं, आणि घंटा. मामा हात जोडायचेच बाकी होते.

‘लीक,’ ते म्हणाले.

मी समजावलं, की मोबाईल अगदी क्षीण सिग्नलवरसुद्धा वाजतो, ही परीक्षाच चुकीची आहे, धड चाललेल्या मायक्रोवेव्हमध्येही फोन वाजू शकतो. मामा हसले. मग माझ्या परवानगीची वाट न पाहता मोबाईल उचलून सासूबाईंच्या नव्या 28 लिटरमध्ये ठेवला. पुन्हा घंटा.

‘हाही लीक.’

माझा मुद्दा सिद्ध झाला होता. पण तो पाहायला आमच्याकडे कुणी तयार नव्हतं, कारण बायको दोन पावलं मागे सरकून फ्रिजला टेकली होती. कालपासून ती नवा मायक्रोवेव्ह चालू करून हॉलमध्ये जाऊन उभी राहते. ‘मामा म्हणाले ना.’ मामा! काल सकाळपर्यंत या बाईने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? 2025 च्या सप्टेंबरात हवाई दलाने मिग-21 निवृत्त केलं. 62 वर्षांची सेवा. चंदीगडला संचलन, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी, मोठमोठ्या लोकांचे डोळे पाणावलेले. मामांनी स्वतः टीव्हीपुढे बसून रुमाल काढला असणार. आणि नऊ वर्षं एकदाही न बिघडलेल्या माझ्या यंत्राला हा माणूस मांडी घालून टेस्टर लावत होता. वापरलेल्या वस्तूला जरा सभ्यपणे वागवायला काय जातं? तुम्हाला नको असेल तर नका घेऊ. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात येऊन, बिनसाखरेचा म्हणून खास वेगळा केलेला चहा पिऊन, त्यात त्याचीच गोड बिस्किटं बुडवून, त्याच्या संसारातली वस्तू किती टाकाऊ आहे हे त्याला पटवून देण्याचा परवाना यांना कोण देतं? मी तीन हजार मागितले होते, चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता.

‘ओरिजिनल बिल आहे?’ मामांनी विचारलं.

बिल माळ्यावरच्या फाईलमध्ये होतं. इरेला पेटून मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. 2016 च्या फाईली धुंडाळल्या, दोनदा शिंकलो, मुलाचा बालवाडीतला प्रगतिपुस्तकाचा कागद सापडला, तो वाचण्यात थोडा वेळ गेला. बिल घेऊन उतरलो तर स्वयंपाकघर रिकामं. पंचा घडी करून ठेवलेला.

‘गेले?’

‘गेले,’ बायको म्हणाली. ‘डबा नाही घेतला. नुसती प्लेट घेतली. त्यांच्या घरच्याची फुटली आहे म्हणे. दीडशे दिले.’

‘प्लेट विकलीस?’

‘तुम्हीच जाहिरातीत लिहिलं होतं ना, प्लेटसकट. आणि अहो, ते जाण्यासाठी मी दीडशे आपल्या पदरचेसुद्धा दिले असते.’

म्हणजे किरणं, व्हर्नियर, घंटानाद हे सगळं एका काचेच्या ताटलीसाठी. की आधी खरंच डबा घ्यायचा होता आणि प्लेट नंतर सुचली? रात्री दोन वाजेपर्यंत मी यावर विचार केला. बिनप्लेटचा मायक्रोवेव्ह भंगारवाल्याशिवाय कुणी नेणार नाही, आणि भंगारवाला फोनवर आधी वजन विचारतो.

आज दुपारी भाच्याचा फोन आला. मागून मामांचा आवाज. तुमची प्लेट 245 मिलिमीटर आहे, आमच्या डब्याला 255 ची लागते.

‘मामांनी मोजली होती ना? व्हर्नियरने?’

‘तुमची मोजली होती, दादा. आमची फुटलेली होती ना, ती कशी मोजणार?’

मागून मामा काहीतरी म्हणाले. भाचा जरा चाचरला. ‘मामा म्हणतात, रविवारी प्लेट परत आणून देतो. दीडशे आणि ओझरहून येण्या-जाण्याचं पेट्रोल. आणि ताईंना सांगा, चहा बिनसाखरेचा.’