छतावर हॅच का नाही बसवली? रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रार अशी, की मागूनही आम्ही तुमच्या 13 सीटर गाडीच्या छतावर हॅच (हवेसाठीचं उघडमीट झाकण) बसवली नाही, वायपरखालच्या जाळीतून हवा घेतली, बिल दुसरीकडच्या कोटेशनच्या दुप्पट झालं, आणि तरी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डिझेलचा वास येतो.

गाडी धावताना वारा पुढच्या काचेवर आदळतो आणि काचेच्या बुडाशी दाब वाढतो. तोच वारा छताच्या पुढच्या कडेवरून वेगानं वळतो आणि तिथला दाब उतरतो. तिथे भोक पाडलं की आतली हवा बाहेर खेचली जाते. डिलिव्हरीआधी दाब मोजायच्या नळीत रंगीत पाणी भरून तुम्हाला हे दाखवलं होतं. जाळीपाशी पाणी एकीकडे सरकलं, छताच्या कडेला बरोबर उलट. ताशी 80 किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब जेमतेम 30 मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका भरतो. एवढ्याशा दाबात जागा चुकवून चालत नाही. शिवाय आतून हवा खेचली गेली की ती मिळेल तिथून परत शिरते, आणि मागच्या दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) सैल असेल तर सायलेन्सरच्या धुरासकट. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कुठलाही केबिन फिल्टर तो अडवत नाही. म्हणून या एका मुद्द्यावर आम्ही गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

आता बिल. जाळीखाली मोठी पेटी बनवली. तिच्यात हवा मंदावते, वळते आणि पावसाचं पाणी खाली पडून ड्रेनमधून निघून जातं. मागे हवा बाहेर जायला झडपा दिल्या, कारण बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत येतच नाही. बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 13 जण आणि 10 घनमीटर हवा धरली, तर बाहेरची हवा अजिबात आत येत नसताना 10 मिनिटांत प्रमाण 4,000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 4,000 भाग) आसपास जातं. बाहेर ते 420 ते 430 असतं. डोकी जड होतात, ड्रायव्हरचंही.

वासाची तक्रार मात्र मला स्वतः बघायची आहे. तो शेजारच्या बसचा असेल, तर ट्रॅफिकपुरतं रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) लावा आणि गाडी सुटली की फ्रेश एअरवर आणा. आपल्याच इंजिनाचा असेल, तर बहुतेक बॉनेटच्या मागच्या कडेचं बीडिंग दबलेलं असणार. गाडी भोसरीला घेऊन या. इंजिन गरम करून, ब्लोअर चालू ठेवून त्या बीडिंगच्या कडेनं उदबत्ती फिरवू. धूर पेटीकडे ओढला गेला तर फट तिथेच आहे, आणि ते काम आमच्या खर्चानं होईल. ड्रायव्हरला सोबत आणा. झाडाखाली गाडी लावत असाल तर ड्रेनमध्ये पानं अडकतात, ती कशी काढायची तेही त्याला दाखवतो.