कॅम्परची टाकी रिकामी, गीझर मात्र भरलेलाच: एका फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या कॅम्पर व्हॅनवाल्यांमध्ये दर ऑक्टोबरात एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "थंडीत गाडी उभी करताय? टाकीचा कॉक उघडा, पंप कोरडा होईपर्यंत चालवा, झालं काम. भीती वाटत असेल तर रेडिएटरचा गुलाबी कूलंट ओता, गुलाबी असला की सुरक्षित असतो. नाहीतर मूठभर मीठ टाका. टायरवाल्याकडून फुल प्रेशरने हवा मारून घ्या. हल्लीचे पाइप लवचिक असतात, फुटत नाहीत. आणि गाडी पुण्यातच राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो!"

पूर्वी हा मेसेज दुर्लक्ष करण्यासारखा होता, कारण हिवाळ्यात कोणी गाडी वर हिमालयात नेतच नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीजवळचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिमाचलातल्या लाहौलचा रस्ता भर थंडीतही आवाक्यात आला. काही जण दिवाळीच्या सुमारास गाडी मनालीत किंवा लेहमध्ये उभी करून विमानाने परत येतात आणि थेट एप्रिल-मे महिन्यात आणायला जातात. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे १५ अंशांपर्यंत आणि त्याखालीही जातो. तिथे हा मेसेज पाळला तर गाडीतलं अर्धं प्लंबिंग बदलावं लागेल. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

"टाकी सोडा, पंप कोरडा चालवा, झालं."

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यामुळे होतं. टाकी ही गाडीतली सर्वांत कमी धोक्याची जागा आहे. तळाशी दोन-चार लिटर राहिले आणि गोठले तरी वर मोकळी जागा भरपूर असते. धोका असतो तो जिथे पाणी कोंडलेलं असतं तिथे: पंपाच्या डोक्यात, फिल्टरच्या भांड्यात, नळाच्या कार्ट्रिजमध्ये आणि सगळ्यात जास्त गीझरमध्ये.

गीझरची रचना नीट पाहा. भोसरीत किंवा चिंचवडला बांधून घेतलेल्या बहुतेक गाड्यांत घरगुती ६ ते १५ लिटरचा गीझर असतो. त्याची दोन्ही तोंडं खालीच दिसतात, पण आत गरम पाण्याची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. गरम पाणी वरून निघतं आणि थंड पाणी खालून आत येतं. म्हणजे खालून नवीन पाणी आलं नाही तर गरम नळ कितीही उघडा ठेवा, गीझर रिकामा होत नाही. थंड तोंडावर नॉन-रिटर्न वॉल्व्ह असतो, त्यामुळे पाणी मागेही फिरत नाही. नळातून फुसफुस हवा येते, माणूस समाधानाने गाडीला कुलूप लावतो आणि आत १० लिटर पाणी तसंच उभं राहतं.

पंपाचंही तसंच. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप कोरडा चालवला तरी त्याच्या वॉल्व्हमागे थोडं पाणी अडकून राहतं. अर्धा कप असेल, पण प्लॅस्टिकचं डोकं तडकायला तेवढं पुरतं.

गीझर रिकामा करायची रीत सोपी आहे. स्विच बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे उन्हाळ्यात कोणी रिकामा गीझर चालू करून कॉइल जाळणार नाही. पाणी थंड व्हायला दोन-तीन तास द्या. सगळे नळ उघडून दाब सोडा. मग खाली बादली धरून थंड बाजूचा कनेक्शन पाइप सोडवा. नॉन-रिटर्न वॉल्व्ह गीझरलाच राहिला तर तोही काढा, नाहीतर एक थेंबही खाली येणार नाही. गरम बाजूचाही पाइप सोडवा, म्हणजे वरून हवा आत जाईल आणि पाणी गळू लागेल. बादलीत किती पाणी आलं ते मोजा. १० लिटरच्या गीझरमधून साधारण ९ लिटर यायला हवं. तीन-चार लिटरांवर थांबलं तर हवा जात नाहीये किंवा खाली क्षार साचलेत. तळाशी ग्लासभर राहिलं तर हरकत नाही, त्याला फुगायला जागा आहे.

"हल्लीचे पाइप लवचिक असतात, फुटत नाहीत."

यात थोडं तथ्य आहे. पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाइप गोठलेलं पाणी काही प्रमाणात सोसतो. पण आपल्याकडच्या किती गाड्यांत पेक्स आहे? बऱ्याच ठिकाणी कडक प्लॅस्टिकचा सीपीव्हीसी असतो, आणि तो थंडीत ठिसूळ होतो. शिवाय पेक्स असला तरी त्याचे पितळी जोड, नळ आणि पंप काही लवचिक नसतात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप बहुधा बर्फ जिथे धरतो तिथे फुटत नाही. बर्फाची गाठ एका जागी तयार होते आणि दोन्ही बाजूंना वाढत जाते. ती गाठ आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी सापडतं, त्याला जायला वाट नसते. त्याचा दाब वाढत जातो आणि शेवटी जो भाग कच्चा असेल तो जातो. म्हणून बाहेरच्या भिंतीलगत बर्फ धरतो आणि तडकतो आतला नळ. गाडी उभी असेपर्यंत सगळे नळ उघडे ठेवायचे ते याचसाठी. एका दांडीचा मिक्सर असेल तर दांडी वर करून मधोमध ठेवा. एका टोकाला ठेवली तर दुसरी बाजू बंदच राहते.

"रेडिएटरचा गुलाबी कूलंट सुरक्षित असतो."

हे वाक्य कृपया पुढे पाठवू नका. रंग हा फक्त रंग असतो, कंपनी हवा तो घालते. बाजारातले कितीतरी गुलाबी आणि लाल कूलंट इथिलीन ग्लायकॉलचेच असतात. हे विष आहे. पोटात गेलं की त्यापासून तयार होणारी आम्लं मूत्रपिंडं निकामी करतात. चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात. ज्या नळाने उद्या चहाचं पाणी भरणार, त्यात हे घालायचं नाही, आणि नंतर धुऊन काढू म्हणूनही घालायचं नाही.

पिण्याच्या पाण्याच्या लाइनला चालतं ते प्रोपिलीन ग्लायकॉल. परदेशात कॅम्परसाठी जे गुलाबी द्रावण विकतात ते याचंच असतं, आणि गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू झाला असावा. आपल्याकडे केमिकलच्या दुकानात फूड ग्रेड किंवा यूएसपी (औषधी दर्जाचं) असं स्पष्ट मागा आणि कॅनवरचं लेबल स्वतः वाचा. 'ग्लायकॉल द्या' एवढंच म्हणालात तर दुसरंच हातात पडू शकतं.

प्रमाण: निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि निम्मं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उणे ३३ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. ३० टक्क्यांवर उणे १३ च्या जवळपासच बर्फाचे कण धरतात, म्हणून काटकसर इथे नको. १० मीटर अर्धा इंची पाइपात एक ते दोन लिटर पाणी मावतं. पंप, नळ, शॉवर आणि सिंकखालचे बॉटल ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारी भांडी) धरले तरी ६ ते ८ लिटर मिश्रण पुरतं. ते गीझरमध्ये मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर १० लिटर तिथेच फुकट जातील. त्यासाठी गीझर वगळून पाणी पुढे नेणारं खास बायपास किट लागत नाही. गीझरपासून सोडवलेल्या दोन कनेक्शन पाइपांची मोकळी टोकं अर्धा इंची निपलने (दोन्हीकडे आटे असलेल्या छोट्या जोडाने) एकमेकांना जोडा, की झाला बायपास. निपल बोहरी आळीत कुठेही मिळतो. टेफ्लॉन टेप नको, कनेक्शन पाइपातला रबरी वॉशर पुरे, तो चपटा झाला असेल तर बदला.

शुद्ध प्रोपिलीन ग्लायकॉल पाण्यासारखंच दिसतं, त्यामुळे नळातून नेमकं काय येतंय ते कळत नाही. कॅनमध्ये थोडा खाण्याचा लाल रंग टाका. मग पंपाची टाकीकडची नळी सोडवून कॅनमध्ये बुडवा, पंप सुरू करा आणि एकेक नळ उघडा: आधी गरम, मग थंड. फिका रंग आला की थांबू नका. पाइपात उरलेलं पाणी मिसळून मिश्रण पातळ झालेलं असतं. कॅनमधल्यासारखा गडद रंग आला की नळ बंद करा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटचा फ्लश बहुतेक जण विसरतात. शेवटी प्रत्येक ट्रॅपमध्ये एकेक ग्लास मिश्रण ओता, पंपाचा फ्यूज काढा आणि सगळे नळ पुन्हा उघडे ठेवा.

खात्री करायची असेल तर गॅरेजमधला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून द्रावणाचा गोठणबिंदू दाखवणारं उपकरण) वापरा आणि त्यातली प्रोपिलीनची पट्टी वाचा. शेजारची इथिलीनची असते. बॅटरीचा हायड्रोमीटर इथे उपयोगाचा नाही.

आयात केलेल्या बाटलीवरच्या 'उणे ५०' या आकड्यानेही फसू नका. तो फॅरनहाइटमध्ये असतो, म्हणजे उणे ४५ सेल्सिअस, आणि तो पाइप फुटण्याबाबतचा असतो. द्रावण त्याच्या बरंच आधी भुसभुशीत व्हायला लागतं. ते विकत घेतलं तर त्यात पाणी मिसळू नका, ते आधीच मिसळलेलं असतं.

"नाहीतर मूठभर मीठ टाका."

मूठभर मिठाने काही होत नाही. मिठाचं पाणी जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत तग धरतं, आणि त्यासाठी ५ लिटर पाण्यात जवळपास दीड किलो मीठ लागतं. एवढं खारं पाणी सहा महिने पितळी जोडांत आणि पंपाच्या स्क्रूंवर बसलं तर बर्फाआधी तेच त्यांना खाईल.

"टायरवाल्याकडून फुल प्रेशरने हवा."

हवा मारणं बरोबरच आहे, 'फुल प्रेशर' चूक आहे. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरमध्ये १०० पीएसआयच्या वर दाब असतो. आपला पंप साधारण ४५ ते ५५ पीएसआयला बंद होतो, आणि सगळे जोड त्याच हिशेबाने बसवलेले असतात. दाब मर्यादित ठेवणारा रेग्युलेटर लावून ३० ते ४० पीएसआय ठेवा. रेग्युलेटर नसेल तर तिथे हवा मारूच नका.

याच्या उलट चूक डिकीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या इन्फ्लेटरची. तो दाब देतो, पण हवेचा लोट देत नाही. हवा पाण्याच्या वरून निसटते आणि पाणी पाइपाच्या झोळात तसंच राहतं. टाकी असलेला कॉम्प्रेसर हवा, २०-२५ लिटरचा चालेल. अर्धा इंची प्लगला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवून घ्या आणि तो पंपाच्या बाहेरच्या नळीला जोडा. पंपाच्या आतून हवा घालू नका. बायपास जोडलेला असू द्या. एका वेळी एकच नळ उघडा, सगळ्यात लांबचा पहिला. पाणी संपून नुसते तुषार आले की पुढचा. दहा मिनिटं थांबून सगळी फेरी पुन्हा करा. पाइपात पसरलेलं पाणी एवढ्या वेळात झोळात गोळा होतं आणि दुसऱ्या फेरीत निघतं. त्याआधी फिल्टरचं कार्ट्रिज काढून भांडं रिकामं करा. पंपाआधीची जाळीही उघडून धुवा.

हवा की ग्लायकॉल, असा वाद नेहमी चालतो. गाडी लेहमध्ये राहणार असेल तर आमच्या मते दोन्ही करावं: आधी हवा, मग मिश्रण. दोन हजार किलोमीटरहून लांब उभी असलेली गाडी जानेवारीत पुण्यात बसून तपासता येत नाही.

"पुण्यातच असेल तर टाकी भरून ठेवा."

'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो' हे मान्य. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधलं. पाइप इथे गोठत नाहीत, ग्लायकॉलवर इथे एक रुपयाही घालवू नका.

पण भरून ठेवू नका. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं पाणी कोमट होतं, महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन थोड्या दिवसांत उडून जातं आणि टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरायला लागतो. लीजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी भरलं असेल तर क्षारांचा थर वेगळाच. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, बोअरचं नसतं. गीझरमध्ये महिनोन्महिने पाणी साचलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो तिथल्या जंतूंमुळे आणि टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडमुळे.

म्हणून पुण्यातही टाकी, गीझर आणि पंप वर सांगितल्याप्रमाणे रिकामे करा, नळ उघडे ठेवा. टाकीच्या ड्रेनला बारीक जाळी लावा, नाहीतर झुरळं आत शिरतात. ट्रॅपमध्ये मात्र साधं पाणी राहू द्या, तेच दुर्गंधी अडवतं. कॅसेट टॉयलेटच्या (खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येणाऱ्या संडासाच्या) रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने रबर फुगतं आणि खाद्यतेल वाळून चिकट होतं.

गाडी परत बाहेर काढताना, मग ती पुण्यात असो की लेहमध्ये, आधी साध्या पाण्याने रंग आणि गोडसर चव जाईपर्यंत लाइन धुवा. मग टाकीत दर लिटरला १ मिली या प्रमाणात साधं ४-५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं हायपोक्लोराइट ब्लीच घाला, म्हणजे ८० लिटरला ८० मिली. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, रिकामं करा आणि वास जाईपर्यंत पुन्हा धुवा. त्याच दिवशी क्षार काढायला व्हिनेगर वापरायचं असेल तर दोन्हींच्या मधे भरपूर पाणी जाऊ द्या. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. निपल काढून गीझर जोडा, वॉल्व्ह बाणाच्या दिशेनेच बसवा. गरम नळातून न अडखळता सलग धार आल्यावरच स्विचवरची चिकटपट्टी काढा.