रडवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

प्रेक्षकांस हमखास रडवणारा चित्रपट आपल्याला काढायचा असेल, तर सर्वप्रथम एक आई घ्यावी आणि तिला खोकला लावावा. खोकल्याचे निदान मध्यंतरापूर्वी होऊ देऊ नये. ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने बायकांना पदराने डोळे पुसायला लावले, एवढ्या पुराव्यानंतरही नव्या वाटा शोधणे हा शुद्ध उद्धटपणा होय. (श्यामची आई मुलाला वळणही लावते, पण तेवढा भाग आपण गाळला तरी चालेल.)

गरिबी अवश्य दाखवावी, मात्र ती धुऊन इस्त्री केलेली असावी. चाळीतली दहा बाय दहाची खोली, लखलखीत पितळी स्टोव्ह, ठिगळ असलेले पण डाग नसलेले लुगडे, एवढे पुरे. सकाळची संडासाची रांग टाळावी, कारण रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासाठी आजवर कोणी रडलेले नाही.

खरी काळजी घ्यायची ती दुःखाच्या कारणाची. नायकाचा बाप गिरणी कामगार असण्यास हरकत नाही, पण त्याची नोकरी नियतीनेच घालवली पाहिजे. चुकून १९८२ चा संप मध्ये आणलात, तर सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, असे प्रेक्षक विचारू लागेल. आणि त्या वेळी तो लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जागेवरील मॉलमध्ये पॉपकॉर्न खात बसला असेल, तर उत्तर त्याच्या खुर्चीखालीच निघेल. संतापलेल्या माणसाचे डोळे कोरडे राहतात, हे निर्मात्याने विसरू नये. त्याच न्यायाने, आईला सरकारी रुग्णालयात खाट मिळाली नाही असे न दाखवता, मुलाच्या फीसाठी तिने औषधच आणले नाही असे दाखवावे. व्यवस्था सुटते आणि आई थोर ठरते.

ग्लिसरीनचा थेंब खालच्या पापणीवर थबकला, की कॅमेरा तिथेच रोखावा आणि तो गालावर ओघळेपर्यंत सारंगी थांबवू नये. प्रेक्षक शहाणा असतो, पण सारंगीपुढे त्याचे काही चालत नाही.

पहिला खेळ सुटताना दादरच्या प्लाझाबाहेर माइकवाले उभे करावेत. काकूंचा रुमाल पर्समध्ये जाण्याआधी माइक त्यांच्या तोंडाशी पोहोचला पाहिजे. शेजारचे एखादे आजोबा “अहो, गिरणीत असं नव्हतं हो,” म्हणू लागले, तर कॅमेरा अदबीने पुन्हा काकूंकडे वळवावा.